जॉबरकाकांचे स्टालिनग्राड

गुरुवार, १७ मार्च १९८८, सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटे: लाईट गेली. माझ्या वहीतली ही नोंद आहे. त्याच पानावर खाली दुसरी आहे: दहा एक्कावन्न, लाईट आली. या नऊ मिनिटांत कामतघरच्या एका यंत्रमाग कारखान्यात, दुसऱ्या महायुद्धाला कलाटणी नेमकी कोणत्या लढाईने दिली, यावर वाद झाला आणि तो संपतासंपता एका विणकराचा उजवा हात लूममध्ये चिरडला गेला. नवव्या दिवशी तो विणकर धनुर्वाताने वारला. वाद घालणारे आमचे जॉबरकाका होते. सात वर्षांनी ते माझ्याकडे एक कागद मागायला आले. त्या सकाळी काका बहिरे होते, एवढेच मी त्यावर लिहून द्यायचे होते.

जॉबर म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. चोवीस लूमच्या त्या कारखान्यात सगळ्या दुखण्यांचे वैद्य तेच. माणूस अंजूरचा, शेतकरी घरातला. भावांनी खाडीकाठची भाताची खाचरे सांभाळली. हे लोखंडात रमले. उंच होते, थोडे वाकलेले. तळहाताच्या रेषांत ग्रीस इतके मुरलेले की एखाद्या ज्योतिषाला काही वाचायचे असते तर आधी रॉकेल लागले असते. जेवताना डाळ चमच्याने उंच धरून तिची धार पाहत आणि मगच पहिला घास घेत. धार त्यांच्या मनासारखी नसेल तर डबा आणणाऱ्याला सांगत, "वयनीला सांग, दाटपना कमी पडतो."

त्यांचे पहिले वेड कापसाचे. रोज सकाळी ते तपकिरीच्या डबीतून खोबरेल तेलात भिजवलेले दोन बोळे काढत आणि कानांत ठासत. लूमच्या आवाजात उभा राहणारा माणूस चाळिशीपर्यंत निम्मा बहिरा होतो, हे कारखान्यात सर्वांना ठाऊक होते आणि कोणालाही त्याचे काही वाटत नव्हते. काकांना वाटे. विणकर त्यांची थट्टा करीत.

"मास्टर, कान में अंडे सेते हो क्या?"

"हसा," काका म्हणत. "म्हातारपनी बायको शिव्या घालंल त्या बी तुमाला ऐकू येनार न्हाईत. मी सगल्या ऐकनार हाय. एक बी सोडनार न्हाय."

दुसरे वेड युद्धाचे. त्याचा उगम एका रद्दीवाल्याकडे होता. कुठल्याशा जुन्या वाचनालयाची सफाई झाली, तेव्हा युद्धकाळातल्या मराठी वर्तमानपत्रांचे गठ्ठे काकांच्या हाती लागले. सगळे नव्हेत, मधले काही उंदरांनी खाल्लेले. ज्या महिन्यांचा गठ्ठा नव्हता, त्या महिन्यांत जगात काही घडले नव्हते, असे ते शांतपणे गृहीत धरत. जून १९४२ उंदरांनी संपवला होता. त्यामुळे पॅसिफिकमधल्या मिडवेच्या लढाईचे नाव कोणी काढले तर काका मान हलवत. "त्येचा पुरावा आपल्याकं न्हाय." मी अकरावी सायन्सची विद्यार्थिनी. पुरावा नसणे आणि घटना नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना समजावण्याचा मी दोनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा केला नाही.

चालू कारखान्यात बोलता येत नाही. तिथे खुणा चालतात: तार तुटली, सूत संपले, शेठ आला. या भाषेत काकांनी लढायांची भर घातली होती. तळहातावर मूठ आपटली की स्टालिनग्राड. चिमटीतून धूळ सोडली की अल अलामीन. हाताने चढ दाखवला की कोहिमा. चोवीस लूम धडधडत असताना दोन प्रौढ माणसे वीस पावलांवरून एकमेकांना मूठ आणि चिमूट दाखवत आहेत, हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिले आहे. नवा माणूस आला की त्याला वाटे, यांचे भांडण आहे.

चिमूट दाखवणारे ते चाचा. उत्तर प्रदेशातल्या गावाहून तरुणपणी आलेले विणकर, पांढरी आखूड दाढी, बोलणे अतिशय मर्यादेचे. त्यांचे ताया, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, म्हणे युद्धात आफ्रिकेच्या वाळवंटात पाण्याची लॉरी चालवत होते. त्यामुळे चाचांचे मत ठरलेले होते. कलाटणी अल अलामीनला. "पानी जिसका, जंग उसकी," एवढाच त्यांचा युक्तिवाद. पण ते तो दर वेळी नव्या उदाहरणाने मांडत, आणि एकदा तर त्यांनी कामतघरच्या सार्वजनिक नळावरच्या रांगेवरून सगळे उत्तर आफ्रिकेचे युद्ध समजावून सांगितले होते.

खरा वाद मात्र लाईट गेल्यावरच होई, कारण तेव्हाच माणसाला माणूस ऐकू येई. त्याचीही रीत होती. लाईट जाते तेव्हा लूम जिथल्या तिथे थांबतो, पण त्याचा दांडा चालूच्याच जागी राहतो; लाईट आली की लूम कोणाला न विचारता सुरू होतो. म्हणून लाईट गेली की पहिले काम मेन स्विच खाली पाडण्याचे. मेन दाराशेजारच्या भिंतीवर होता आणि तो पाडणे जॉबरकडे. काका मेन पाडत, मोठ्याने "पडला!" म्हणत, मग कानांतले बोळे काढून डबीत ठेवत. विणकर जमत. सभा सुरू होई.

या सभेची अध्यक्ष मी होते. आई त्याच कारखान्यात कांड्या भरायला होती. कांडी म्हणजे लूमवर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्यात बसणारी लाकडी नळी. तिच्यावर आडवे सूत भरायचे. मी शेलारहून तिच्याबरोबर येई आणि कोपऱ्यात अभ्यास करी. दहावीच्या निकालावर मला सेकंदकाटा असलेले घड्याळ मिळाले होते. काकांनी ते पाहिले आणि माझी नेमणूक केली. प्रत्येकाला तीन मिनिटे. मध्ये बोलायचे नाही. बोलल्यास वहीत 'व्यत्यय' अशी नोंद. शेवटी मतदान: प्रत्येकाने एक रिकामी कांडी आपल्या पक्षाच्या खोक्यात टाकायची. एरवी मला "ए पोरी" म्हणणारे काका सभेत उभे राहिले की भाषा बदलत. वर्तमानपत्रातली मराठी त्यांच्या तोंडून घडी न मोडता बाहेर पडे. मला ते "सभाध्यक्ष महोदया" म्हणत. सतरा वर्षांच्या मुलीवर या संबोधनाचा काय परिणाम होतो, ते आता मला कळते. मी नियम फार कडक केले.

"सभाध्यक्ष महोदया, माझे विद्वान मित्र वाळवंटातल्या पाण्याचा हिशेब मांडतात. मी विचारतो, त्यांनी रशियाची थंडी पाहिली आहे काय?"

"आपने देखी है, मास्टर?"

"व्यत्यय," मी म्हणे.

"माफ़ी, मैडम. लिख लीजिए. पर ये भी लिखिए कि मास्टर ने बर्फ सिर्फ मच्छी मार्केट में देखी है."

आई कांड्या भरताना कधी मान वर करीत नसे. एकदाच केली. "माझा मामा ब्रह्मदेशातनं आला तो एक पाय तिकडंच ठेवून आला. लढाई कुठं उलटली ते त्याला कधी कळलं नाही. त्याच्या अंगावरनं गेली, एवढं कळलं. बसा आता मतं टाकत." त्या दिवशी कोणी कांडी टाकली नाही. दुसऱ्या दिवशी मात्र काकांनी कोहिमाला सभेत रीतसर स्थान दिले आणि आईला त्या पक्षातर्फे बोलण्याचे निमंत्रण. ती म्हणाली, "माझ्या कांड्या कोण भरंल, तुमचा स्टालिन?"

मी माझ्या परीने शास्त्रीय भूमिका घेतली होती. कागदावर वक्र काढून दाखवला: इथे चढ आहे, इथे उतार, मधला जो बिंदू, जिथे चढही नाही आणि उतारही नाही, तो कलाटणीचा. त्या बिंदूवर उभ्या असलेल्या माणसाला तो कधीच ओळखता येत नाही. पुढचा वक्र दिसला की मगच कळते. काकांनी तो कागद बराच वेळ पाहिला.

"बेस काढलास. आता या टिंबावर स्टालिनग्राड लिव आन् विषय संपव."

त्या गुरुवारी काका सहा दिवस लाईट जाण्याची वाट पाहत होते. मागच्या सभेत चाचा नऊ विरुद्ध पाच कांड्यांनी जिंकले होते, आणि त्यानंतर काकांना एका गठ्ठ्यात स्टालिनग्राडची एक बातमी सापडली होती. ते कात्रण त्यांच्या खिशात होते. लाईट गेली तेव्हा ते दाराशीच उभे होते, मेनला पाठ करून. त्यांनी बोळे काढले, डबीत ठेवले, कात्रण उघडले आणि "सभाध्यक्ष महोदया" अशी सुरुवात केली. "पडला!" हा शब्द त्या दिवशी उच्चारला गेला नाही. हे कोणाच्याही लक्षात आले नाही, माझ्याही नाही. मी घड्याळ पाहत होते.

लाईट जाताना धोटा मध्येच अडकून चाचांच्या लूमवर बऱ्याच तारा तुटल्या होत्या. बाकीचे विणकर काकांभोवती जमले. चाचा लूमवर वाकून, दोन्ही हात आत घालून तारा जोडत राहिले. पहिली फेरी काकांची. दुसरी चाचांची; ती त्यांनी वाकूनच, मान तिरपी करून पूर्ण केली. तिसरी पुन्हा काकांची. ती रंगात आली असताना चाचांना त्या वाकलेल्या स्थितीतून भिंतीवरचा मेनचा दांडा दिसला असावा.

"मास्टर, मेन ऊपर है," ते म्हणाले.

आवाज चढवला नाही. चाचा आवाज चढवत नसत. मी बोट वर केले आणि वहीत लिहिले: व्यत्यय, एक. चाचांनी माझ्याकडे पाहून मान झुकवली. नियम त्यांना मान्य होता. त्यांच्या बोटांत पन्नासेक तारा धरलेल्या होत्या; सोडल्या असत्या तर सगळे काम पुन्हा पहिल्यापासून. आणि मेन काकांच्या पाठीशी दोन पावलांवर होता. आपण सांगितले आहे, आता पाडतील, असा त्यांचा समज झाला असणार. काका बोलतच राहिले. ते वाक्य पुरे झाले आणि लाईट आली.

चोवीस लूम एकदम सुरू झाले. त्या आवाजात चाचा ओरडले असतील तर ते कोणी ऐकले नाही. आईने पाहिले. सूत ठोकणारा लाकडी हात्या त्यांच्या हातावर बसत होता, मागे जात होता आणि पुन्हा बसत होता. आई धावत मेनकडे गेली. आमच्या कारखान्यात मेनला हात लावणारी ती पहिली बाई.

दवाखान्यातून चाचा पट्टी बांधून खोलीवर आले आणि उशीला टेकून बसले. काका रोज जात. दोघे काय बोलत ते मला माहीत नाही. आई म्हणे, लढाईवर बोलत नाहीत. सातव्या दिवशी चाचांचा जबडा आवळला. नवव्या दिवशी संपले.

शेठने एक कागद तयार केला. परवानगी न घेता आणि सूचना न देता कामगाराने लूममध्ये हात घातला, अशा अर्थाचा. त्यावर साक्षीदार म्हणून चार सह्या झाल्या, दुसरी काकांची. माझी वही कोणी मागितली नाही. मीही दाखवली नाही. आठ दिवसांवर माझी वार्षिक परीक्षा होती. मी वर्गात पहिली आले.

चाचांचा मुलगा गावाहून वडिलांची पेटी न्यायला आला. विशीतला, वडिलांसारखाच हळू बोलणारा. कारखान्याच्या दारात त्याने काकांना गाठले. आई आणि मी तिथेच उभ्या होतो.

"मास्टर चाचा, आप पास में थे. अब्बा ने कुछ कहा था? आख़िर में?"

काकांनी हात कानाशी नेला. ही कृती मी त्यांच्याकडून आधी कधी पाहिली नव्हती.

"क्या?"

मुलाने प्रश्न पुन्हा विचारला, मोठ्याने.

"मेरे को कम सुनता है, बेटा," काका म्हणाले. "लूम पे सबका कान जाता है. मेरा भी गया. कुछ बोला होगा तो मेरे को सुनाई नहीं दिया."

मुलाने त्यांचे हात हातांत घेतले. त्याने यावर विश्वास ठेवला. न ठेवण्याचे त्याला काही कारण नव्हते. दोन वर्षांनी तो पुन्हा आला तो वडिलांच्याच लूमवर.

त्या दुपारपासून काका बहिरे झाले. दुसरा शब्द मला सापडत नाही. एका मुलाला दिलेले उत्तर त्यांनी सात वर्षे पाळले. कोणी हाक मारली की वळत नसत; खांद्याला स्पर्श केला की दचकत. विणकरांना यात नवल वाटले नाही. जॉबर बहिरा होणे ही आमच्या गावात बातमी नाही. तपकिरीची डबी त्यांनी टाकून दिली. ज्या माणसाने पंचवीस वर्षे कान जपले, तो आता चोवीस लूमच्या मध्ये उघड्या कानांनी उभा राहू लागला. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीत घरी येत असे; मला वाटले, बहिऱ्याला आता बोळ्यांचा उपयोग काय. उलट कारण असू शकते, हे मला त्या वेळी सुचले नाही. ते ज्या गोष्टीचे नाटक करत होते, ती खरी व्हावी म्हणून दररोज दहा तास प्रयत्न करत होते.

लाईट गेली की काका मेन पाडत, आणि भिंतीला टेकून खाली बसत. सभा कधी भरली नाही. बहिऱ्याशी वाद कसा घालायचा? चाचांचा मुलगा त्यांच्यासाठी चहा आणी, शेजारी बसे आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन दिवसाची हकीकत ओरडून सांगे. "मास्टर चाचा, आज दो थान निकले!" काकांचा चेहरा त्या वेळी कसा होई, हे मी एकदाच पाहिले आणि त्याचा चुकीचा अर्थ लावला. मला वाटले, आवाज सहन होत नसावा.

१९९५ मध्ये मी पदार्थविज्ञानात एम.एस्सी. पूर्ण करून संशोधन करत होते. विषय मीच निवडला होता: यंत्रमागाचा आवाज आणि कामगारांची श्रवणक्षमता. पुढची शिष्यवृत्ती या निष्कर्षांवर अवलंबून होती आणि ती मला हवी होती. साठ कामगारांची तपासणी करायची होती. शुक्रवारी लूम बंद असतात. कामतघरमध्ये शांतता मिळण्याचा तेवढाच दिवस. शुक्रवारीच सुट्टी असलेल्या एका शाळेचा वर्ग मिळवला, खिडक्यांना गोधड्या लावल्या, आणि श्रवणमापक यंत्र टेबलावर ठेवले. कामगाराने कानांवर हेडफोन लावायचा. आवाज ऐकू आला की बटण दाबायचे. अगदी लहान, जेमतेम ऐकू येणारा जो आवाज, त्याचा आकडा मी लिहायचा. आकडा जितका मोठा, तितका माणूस बहिरा.

पहिल्याच शुक्रवारी काका आले. केस पांढरे, पाठ पूर्वीपेक्षा वाकलेली. मी मोठ्याने ओरडून विचारपूस केली.

"मला एक कागुद पायजे," ते म्हणाले. "अठ्ठ्यांशी सालच्या मार्चात मी बहिरा व्हतो, असा. तुजं नाव घालून. शिकल्याल्या मानसाचा."

"कशाला, काका?"

"चाचाच्या पोराला दाखवायचाय."

"त्यानं मागितलाय?"

"न्हाय. त्यो कशाला मागंल? त्येला खरंच वाटतं. म्हनून तर पायजे."

मी त्यांना सांगितले की आजच्या तपासणीवरून सात वर्षांपूर्वीचे खात्रीने सांगता येणार नाही. पण आजचा आकडा फार मोठा असेल, तर त्या वेळीही बराच दोष असणार, असे लिहिता येईल. ते म्हणाले, "मंग मोज."

एक हजार हर्ट्झला उजव्या कानाचा आकडा आला सत्तर. पुढच्या शुक्रवारी खात्रीसाठी पुन्हा मोजला: पंचेचाळीस. तिसऱ्या शुक्रवारी पंच्याऐंशी. एकाच कानाच्या दोन मापनांत पाचाचा फरक चालतो. चाळिसाचा चालत नाही. यंत्र मी तपासले, ठीक होते. म्हणजे कान तोच होता, बटण दाबणारा माणूस दर वेळी वेगळे ठरवत होता. साठ जणांत हा एकच नमुना माझी सारणी बिघडवत होता, आणि मला त्याचा राग आला होता. हे मी लपवत नाही.

मी त्यांच्या कानांवरचा हेडफोन काढला. यंत्राची वायर गुंडाळायला लागले, त्यांच्या पाठीमागे, तीन पावलांवर. मी मान वळवली नाही. जशी स्वतःशी बोलेन तशा आवाजात म्हणाले:

"चाचांचंच बरोबर होतं. कलाटणी अल अलामीनलाच बसली."

"अजाबात न्हाय!"

हे त्यांच्या तोंडून निघून गेले. गोधडीच्या फटीतून आलेला उन्हाचा पट्टा फळ्यावर पडला होता. काका त्याच्याकडे पाहत राहिले. मी वळून त्यांच्यासमोर बाकावर बसले.

"ऐकलं व्हतं," ते म्हणाले.

"आत्ताचं?"

"तवाचं. मेन ऊपर है. सगलं ऐकलं. कापसाचे बोले कानांत नव्हते. सभेत मी बोले घालत न्हाय, तुला ठाव हाय."

"मग, काका?"

"वाक्य अर्ध्यावं व्हतं, पोरी. सहा दिवस तोंडात घोलवलेलं. म्हनलं, पुरं करतो आन् पाडतो."

"मी बोट वर केलं होतं."

"तुज्या बोटाचं मला नको सांगू. त्ये तुजं तू बग."

ते म्हणाले की पोरगा रोज त्यांच्या कानात ओरडतो, आणि त्याचा प्रत्येक शब्द त्यांना दोन वेळा ऐकू येतो, एकदा त्याच्या आवाजात, एकदा चाचांच्या. मग त्यांनी हात गुडघ्यांवर ठेवले आणि हळू विचारले:

"पन येल तरी कुठं व्हता? मी वाक्य संपवलं आन् लगेच लाईट आली. चाचा बोलला तवाच वललो असतो, तरी गाठता आला असता का मेन? सात वर्सं मी ह्येच बगतोय. कवा वाटतं व्हता, कवा वाटतं नव्हता. येल नव्हता असं निघालं, तर पोराला खरं सांगून टाकीन. तोंड दाखवाया जागा ऱ्हाईल."

"आणि होता असं निघालं तर?"

त्यांनी गुडघ्यांवरचे हात उलटे करून तळव्यांकडे पाहिले.

इथे दुसरे कोणी असते तर त्यांचा हात धरला असता, आणि वेळ नव्हता, काका, असे म्हटले असते. मलाही ते सुचले. पण मोजता येणारी गोष्ट न मोजता सांगणे मला जमत नाही. सतराव्या वर्षीही जमत नव्हते.

"मोजता येईल," मी म्हणाले.

फळ्याशेजारच्या भिंतीत एक खिळा होता. तो मेन समजायचा. काका त्याच्याकडे पाठ करून दोन पावलांवर उभे राहिले. मी "मेन ऊपर है" म्हटले की त्यांनी वळायचे, दोन पावले टाकायची, खिळ्याशी हात नेऊन खाली खेचायचा. तीनदा केले. वाकलेल्या पाठीसह तिन्ही वेळा तीन सेकंद. मी वहीत लिहिले: तीन.

"आता वाक्य," मी म्हणाले. "चाचा बोलले तेव्हा तुम्ही कुठे होता, तिथपासून."

"पाठ हाय."

त्यांनी सदऱ्याचे वरचे बटण लावले. पाठ जमेल तितकी सरळ केली. सात वर्षांनंतर मी त्यांचा सभेतला आवाज ऐकला. तो जराही बदलला नव्हता.

"...नदीच्या त्या काठावर, सभाध्यक्ष महोदया, ज्याने एक दिवस अधिक तग धरला, युद्ध त्याचे झाले. आणि म्हणून मी निःशंकपणे म्हणतो की बाकीच्या साऱ्या लढाया या नुसत्या तारखा आहेत, कलाटणी बसली ती स्टालिनग्राडलाच."

मी सेकंदकाटा पाहिला.

"किती?" त्यांनी विचारले. कागदाचे नाव त्यांनी पुन्हा काढले नाही.

मी आकडा तोंडाने सांगितला नाही. 'तीन'च्या खाली लिहिला आणि वही त्यांच्यापुढे धरली.

अकरा.